लंडनचें बँक स्टेशन व त्याचे वांकडे बोगदे

लंडन शहराचा जो सर्वांत जुना व्यापारी भाग, ज्यास तेथील लोक नुसतें ‘सिटी’ म्हणतात, त्याच्या मध्यभागीं बँक ऑफ इंग्लंडच्या दाराशीं सात-आठ रस्ते एकत्र येतात. या चौकाच्या पोटांत जें भुयारी रेल्वेचें स्टेशन आहे त्याचें नांव ‘बँक’. चौकांत स्टेशनाची इमारत म्हणून कांहीं दिसत नाहीं. निरनिराळ्या कोंपऱ्यांवर खालीं उतरणारे जिने तेवढे दिसतात. खालीं मात्र नॉर्दर्न, सेंट्रल, वॉटर्लू अँड सिटी आणि डॉकलँड्स या चार मार्गांचे फलाट निरनिराळ्या पातळ्यांवर पसरलेले आहेत, आणि आग्नेयेकडे थोड्या अंतरावर असलेलें मॉन्युमेंट स्टेशन, जेथें डिस्ट्रिक्ट व सर्कल हे मार्ग येतात, तेंही भुयारांनीं व सरकत्या जिन्यांनीं यास जोडलेलें आहे. मार्ग बदलण्याचें इतकें गुंतागुंतीचें ठिकाण त्या शहरांतही विरळाच. नवखा मनुष्य येथें हमखास चुकतो. एक जिना चढावा, दुसरा उतरावा, एक बोळ उजवीकडे वळून परत डावीकडे वळावा, आणि अखेर जो फलाट हवा तो पहिल्या ठिकाणाच्या जवळजवळ पायांखालींच होता असें आढळावें, असा हा प्रकार आहे.

ही आंखणी कोणाची, असा प्रश्न साहजिक मनांत येतो. त्याचें उत्तर असें कीं, ती कोणाचीच नव्हे. चार भावांच्या वांटण्या होऊन प्रत्येकानें आपापल्या वांट्यांत जिने घातले, भिंती चढविल्या, आणि पुढें पुष्कळ वर्षांनीं कोणा एका वारसानें सर्व वांटे विकत घेऊन मधल्या भिंतींस दारें पाडलीं, म्हणजे जुन्या वाड्याची जी अवस्था होते तीच या स्टेशनाची आहे. अशा वाड्यांत दार कोठें व कां पाडलें हें पाहून वांटणीचा इतिहास सांगतां येतो. बँक स्टेशनाविषयीं आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, त्याचे बोगदे व बोळ हे एक प्रकारचे दस्तऐवजच आहेत, आणि ते वाचावयाचे तर स्थापत्यशास्त्रापेक्षां जमिनीच्या मालकीचा कायदा अगोदर ध्यानांत घ्यावा लागतो.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण एक लोकप्रिय कथा आहे. सेंट्रल मार्गाचा फलाट येथें इतका वांकडा आहे कीं एका टोंकास उभ्या असलेल्या मनुष्यास दुसरें टोंक दिसत नाहीं. गाडी थांबल्यावर डबा व फलाट यांमध्यें मोठी फट राहते, आणि ती जपून ओलांडण्याची सूचना उतारूंस सतत द्यावी लागते. या वांकडेपणाचें कारण म्हणून असें सांगतात कीं, बँक ऑफ इंग्लंडच्या सोन्याच्या तळघरांस धक्का लागूं नये म्हणून इंजिनिअरांनीं बोगदा वळवून नेला. कथा ऐकावयास गोड आहे. सोनें, तळघर आणि भुयार हीं तीन एकत्र आलीं म्हणजे पुराव्याची चौकशी कोणी करीत नाहीं. आपल्याकडील गडांच्या भुयारांविषयींच्या दंतकथा वाचकांस ठाऊकच आहेत. ही कथा कितपत टिकते तें पुढें पाहूं.

प्रथम जमिनीचा विचार करूं. लंडनच्या खालीं कांहीं अंतरावर घट्ट, निळसर करड्या चिकणमातीचा जाड थर आहे. ती खणावयास मऊ, पण खणल्यावर कांहीं वेळ आपल्याच बळावर उभी राहणारी, आणि पाणी सहसां झिरपूं न देणारी आहे. तिच्या वर वाळू व खडी, आणि त्याच्याही वर मनुष्यवस्तीचे थर. रोमन लोकांच्या काळापासून सिटीची जमीन राहत्या घरांच्या मलब्यानें कित्येक फूट चढलेली आहे, आणि वॉलब्रुक नांवाचा जो ओढा एके काळीं या चौकाजवळून वाहत होता तो आतां पूर्ण गाडला गेला आहे. खोल बोगदे या वस्तीच्या थरांखालून, चिकणमातींतून जातात. म्हणून रुळांच्या बोगद्यांनीं प्राचीन अवशेषांचें फारसें नुकसान केलें नाहीं. जें झालें तें लिफ्टच्या विहिरी व तिकीटघरें खणतांना झालें, कारण तीं वरून खालीं खणावीं लागतात.

मातींतून असा बोगदा काढण्याची युक्ति एकदम साधली नाहीं. थेम्स नदीखालचा ब्रुनेल याचा बोगदा १८४३ सालीं लोकांस खुला झाला. त्यांत चौकोनी लोखंडी सांगाडा पुढें सरकवीत काम केलें होतें आणि त्यास अठरा वर्षें लागलीं. पुढें पीटर बार्लो यानें वाटोळ्या सांगाड्याची कल्पना काढली, आणि त्याच्या योजनेवरून जेम्स हेन्री ग्रेटहेड या तरुण इंजिनिअरानें टॉवर सबवे नांवाचा लहानसा बोगदा १८७० पर्यंत पुरा केला. ग्रेटहेड दक्षिण आफ्रिकेंत ग्रॅहॅम्सटाउन येथें १८४४ सालीं जन्मला होता. या सांगाड्यास इंग्रजींत ‘ढाल’ या अर्थाचें नांव आहे, आणि तें योग्यच आहे. लोखंडाचें एक जाड नळकांडें मातींत रुतवून ठेवावयाचें. त्याच्या आडोशानें मजुरांनीं समोरची माती खणावयाची. मग पाण्याच्या दाबानें चालणाऱ्या जॅकांनीं नळकांडें पुढें रेटावयाचें. आणि मागें मोकळ्या झालेल्या जागेंत ओतीव लोखंडाचे कमानदार तुकडे बोल्टांनीं जोडून वर्तुळ पुरें करावयाचें. वर्तुळाच्या बाहेर जी बोटभर पोकळी राहते तींत चुन्याचा पातळ लगदा हवेच्या दाबानें भरीत, म्हणजे वरची जमीन खचत नसे. ही शेवटची क्रिया दिसावयास किरकोळ आहे, पण शहराखालून बोगदा नेण्याचें सर्व श्रेय आमच्या मतें तीस द्यावयास हवें. वरचीं घरें उभीं राहिलीं तीं तिच्यामुळें. आज जीं अजस्र यंत्रें बोगदे खणतात, आणि ज्यांच्या साहाय्यानें मुंबईंत आरेपासून कफ परेडपर्यंतचा व २०२५ सालीं पुरा झालेला भुयारी मेट्रोमार्ग काळ्या कातळांतून काढला, तीं सर्व या ढालीचेच वंशज होत.

युक्ति साधली तरी कायदा आड येत होता. आपल्याकडील जुन्या इनामपत्रांत गांव देतांना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप अशी यादी घालण्याची चाल होती. म्हणजे भूमीबरोबर भूमीच्या पोटांतील ठेवाही इनामदाराकडे जात असे. इंग्लंडच्या कायद्यांतही जमिनीचा मालक तो तिच्या पोटाचाही मालक, हेंच तत्त्व होतें. घराखालून पन्नास फुटांवर बोगदा जावयाचा असला, आणि घरमालकास त्याचा कांहीं उपद्रव न झाला, तरी मालकाचा हक्क सोडवून घेण्यास त्यास मोबदला देणें भाग होतें. सिटीसारख्या ठिकाणीं, जेथें जमिनीचा भाव जगांतील अत्यंत चढ्या भावांपैकीं, तेथें तो मोबदला कंपनीस बुडविण्यास पुरेसा झाला असता. सार्वजनिक रस्त्याखालून गेल्यास मात्र खाजगी मालकाचा प्रश्न उद्भवत नसे. याचा परिणाम असा झाला कीं, ज्या इंजिनिअरांस मातींत हवी ती रेषा काढण्याचें सामर्थ्य नुकतेंच प्राप्त झालें होतें त्यांनीं ती रेषा वरच्या रस्त्याच्या वळणांशीं बांधून घेतली. रस्ता जेथें अरुंद, तेथें दोन बोगदे शेजारीं न बसले तर एकावर एक ठेवले. सेंट्रल मार्गावर नॉटिंग हिल गेट, चान्सरी लेन व सेंट पॉल्स येथें दोन्ही फलाट असेच एकावर एक आहेत.

आतां एकेक कंपनी पाहूं. सिटी अँड साउथ लंडन या कंपनीस १८८४ सालीं पार्लमेंटची परवानगी मिळाली. तिचा इंजिनिअर ग्रेटहेड होता, आणि तिची रेल्वे १८ डिसेंबर १८९० रोजीं लोकांस खुली झाली. जगांतील पहिली खोल, विजेवर चालणारी भुयारी रेल्वे ती हीच. मूळ बेत मात्र विजेचा नसून लांब दोरानें गाड्या ओढण्याचा होता, आणि त्या मानानेंच सर्व मापें बेतलीं होतीं. बोगद्याचा व्यास अवघा दहा फुटांवर थोडे इंच. डब्यांस खिडक्या जवळजवळ नाहींतच, कारण भुयारांत पाहावयाचें काय, असा हिशेब. सिटींतील तिचें शेवटचें स्टेशन किंग विल्यम रस्त्यावर, नदीच्या उत्तर तीरापासून जवळ होतें. तेथें पोहोंचण्यास नदीखालून आलेले बोगदे स्वान लेन नांवाच्या अरुंद गल्लीखालून एकावर एक असे न्यावे लागले, आणि पुढें एकदम तीव्र वळण व चढ घ्यावा लागला. दोराच्या गाडीस तें कदाचित् चाललें असतें. विजेचें लहानसें एंजिन मात्र भरलेली गाडी घेऊन त्या चढावर धापा टाकूं लागलें. दहा वर्षांच्या आंत कंपनीनें तें स्टेशन टाकून दिलें. नवा बोगदा लंडन ब्रिजजवळून किंग विल्यम रस्त्याखालीं आणून बँकेच्या चौकावरून पुढें मूरगेटपर्यंत नेला, आणि तो २५ फेब्रुवारी १९०० रोजीं सुरू झाला. जुनें स्टेशन अंधारांत पडून राहिलें. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लोकांनीं बॉम्बपासून आसरा घेतला.

स्वान लेनचें हें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण तेथें कोणाचें सोनें नव्हतें आणि तरीही बोगदा वांकडाच होता.

दुसरी कंपनी वॉटर्लू अँड सिटी. लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचे उतारू वॉटर्लू येथें उतरत आणि पुढें सिटींतल्या कचेऱ्यांपर्यंत पायीं किंवा घोड्याच्या गाडींतून जात. त्यांच्या सोयीकरितां ही काढली. मधें एकही स्टेशन नाहीं. ती ८ ऑगस्ट १८९८ रोजीं लोकांस खुली झाली. म्हणजे बँकेच्या चौकाखालीं पहिली येऊन पोहोंचली ती ही. तिसरी सेंट्रल लंडन रेल्वे. ती शेफर्ड्स बुशपासून बँकेपर्यंत ३० जुलै १९०० रोजीं सुरू झाली. कोठूनही कोठें जा, भाडें दोन पेन्स, असा तिचा नियम असल्यामुळें लोकांनीं तिचें नांवच ‘दोन पेन्सांची नळी’ असें पाडलें. तिच्या आंखणींत एक शहाणपणाची गोष्ट होती ती सांगितली पाहिजे. प्रत्येक स्टेशन पुढच्या-मागच्या बोगद्यापेक्षां किंचित् उंचावर ठेवलें होतें, म्हणजे स्टेशनाकडे येणारी गाडी चढावर आपोआप मंदावे व निघणारी उतारावर आपोआप वेग घेई. ब्रेक व वीज या दोहोंची त्यानें बचत झाली.

आतां हे तीन मार्ग व त्यांवरचे रस्ते एका नकाशावर ठेवून पाहावे. वॉटर्लू मार्ग क्वीन व्हिक्टोरिया रस्त्याखालीं आहे. हा रस्ता १८७१ सालीं जुनीं घरें पाडून रुंद व नीट आंखून केलेला, आणि त्याखालचे फलाट सरळ आहेत. नॉर्दर्न मार्गाचे, म्हणजे जुन्या सिटी अँड साउथ लंडनचे, फलाट किंग विल्यम रस्त्याखालीं. हा रस्ता १८३१ सालच्या नव्या लंडन पुलाकरितां पाडलेला, आणि तेही फलाट बहुतांशीं सरळच आहेत. सेंट्रल मार्ग मात्र चीपसाइड व पोल्ट्री या मध्ययुगापासून चालत आलेल्या बाजाररस्त्यांखालून येऊन चौकांत वळतो, आणि वांकडा फलाट तोच. जेथें रस्ता आंखून केलेला तेथें बोगदा सरळ. जेथें रस्ता लोकांच्या पायांनीं पडलेला तेथें बोगदाही तसाच. इतका मेळ योगायोगानें बसत नाहीं.

तळघरांच्या कथेविरुद्ध कालाचाही पुरावा आहे. बँक ऑफ इंग्लंडची जी भव्य इमारत आज दिसते व जिच्या खालीं जमिनींत खोलवर तीन मजले आहेत, ती हर्बर्ट बेकर या शिल्पज्ञाच्या आराखड्यावरून १९२५ ते १९३९ या अवधींत बांधली गेली. सेंट्रलचें वळण १९०० सालीं तयार होतें. तत्पूर्वींच्या, जॉन सोन यानें वाढविलेल्या इमारतींसही तळघरें होतीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. आणि बँकेसारख्या बड्या शेजाऱ्याच्या जमिनींत शिरण्यास कंपनी भ्याली असेल हेंही खरें. परंतु ती त्या जमिनींत शिरली नाहीं याचें कारण तिजोरीची विशेष भीति नव्हे. कोणाच्याच जमिनींत न शिरण्याचा जो तिचा सरसकट बेत होता त्यांतच तें आलें. उलट मूरगेटकडे जाणारे बोगदे प्रिन्सेस रस्त्याखालून, बँकेच्या पश्चिमेच्या भिंतीस लागून, खुशाल गेले आहेत. तेव्हां सोन्याची कथा समूळ खोटी नसली तरी कारण म्हणून ती पुढें करणें चुकीचें आहे.

रस्त्याखालीं राहण्याचा हा नियम एके ठिकाणीं मोडला, आणि त्याची हकीकत या स्टेशनाच्या सर्व इतिहासांत आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटते. लिफ्टच्या विहिरी व तिकीटघर यांकरितां सिटी अँड साउथ लंडन कंपनीस चौकाजवळ जागा हवी होती. किंग विल्यम व लाँबर्ड रस्त्यांच्या कोनांत सेंट मेरी वूलनॉथ हें चर्च आहे. निकोलस हॉक्समूर यानें १७१६ ते १७२७ च्या दरम्यान तें बांधलें. लहान, जड, किल्ल्याच्या बुरुजासारखें दिसणारें हें बांधकाम इंग्लंडच्या त्या शतकांतील उत्तम वास्तूंत गणलें जातें. कंपनीनें पार्लमेंटकडून तें संपूर्ण पाडण्याचाच अधिकार मिळविला होता. त्या काळीं सिटींत राहती वस्ती उरलेली नव्हती. लोक उपनगरांतून येत व संध्याकाळीं परत जात, आणि रविवारीं चर्चें ओस पडत. एक चर्च गेल्यानें कोणाचें काय अडणार, असा विचार करणारे पुष्कळ होते. तथापि ओरड झाली, आणि शेवटीं कंपनीस फक्त चर्चच्या खालचें तळघर, म्हणजे दफनाची जागा, देण्याचें ठरलें.

दफनाची जागा विकावयाची म्हणजे आंतील मृतांस हलविणें आलें. तेथील अस्थि इलफर्डच्या बाजूच्या सिटीच्या दफनभूमींत नेऊन पुरल्या. या चर्चचा एके काळचा धर्मोपदेशक जॉन न्यूटन, जो तरुणपणीं गुलामांच्या जहाजावर कप्तान होता आणि म्हातारपणीं त्या व्यापाराविरुद्ध साक्षीस उभा राहिला, त्याच्या व त्याच्या पत्नीच्या अस्थि १८९३ सालीं ऑल्नी या गांवीं नेल्या. तेथें तो पूर्वीं उपदेशक होता. मग चर्चच्या भिंती व खांब पोलादी तुळयांवर तोलून धरले, खालची जमीन काढून घेतली, आणि जेथें थडगीं होतीं तेथें तिकिटांच्या खिडक्या आल्या. वरचें चर्च मात्र हललें नाहीं. तें आजही उभें आहे व त्यांत उपासना चालते. या व्यवहारांत कोणी जिंकलें व कोणी हरलें हें सांगणें कठीण. इमारत वांचली, पण जे मृत आपल्या पेठेंत निजावयाचे म्हणून निजले होते ते गांवाबाहेर गेले. ज्यांस ओरडण्यास कोणी वारस उरले नव्हते त्यांचा हक्क तेवढा गेला, आणि घरमालकाच्या पन्नास फूट खोलीवरच्या मातीस मोबदला मिळाला. कायद्याच्या नजरेंत दोहोंतील फरक तो हा.

१९०० सालीं याप्रमाणें एका चौकाखालीं तीन कंपन्यांचीं तीन स्टेशनें झालीं. सेंट्रलचें तिकीटघर रस्त्याच्या अगदीं खालीं होतें, आणि त्याभोंवतीं पायीं जाणाऱ्यांकरितां बोळ काढून चौकाच्या सर्व कोंपऱ्यांस जिने दिले होते. गाडींत न बसणाराही रस्ता ओलांडण्यास त्यांचा उपयोग करी. पण एका कंपनीच्या फलाटावरून दुसरीच्या फलाटावर आंतल्या आंत जाण्याची सोय मुळींच नव्हती. वर यावें, पुन्हा तिकीट काढावें, पुन्हा उतरावें. मोजमापेंही भिन्न: एकीचा बोगदा दहा फुटांचा, दुसरीचा पावणेबारा, तिसरीचा बारांहून किंचित् अधिक. कोणाचा डबा कोणाच्या भुयारांत जाऊं नये असेंच जणूं त्यांनीं ठरविलें होतें.

पुढील जोडण्यांचे सन व मालकीहक्क बदलल्याचे सन शेजारीं ठेवले म्हणजे आमच्या म्हणण्याचा पुरावा पुरा होतो. १ जानेवारी १९१३ रोजीं सिटी अँड साउथ लंडन व सेंट्रल लंडन या दोन्ही कंपन्या ‘अंडरग्राउंड’ या एकाच व्यापारी गटाच्या मालकीच्या झाल्या. त्यानंतर जुने दहा फुटी बोगदे १९२२ ते १९२४ च्या दरम्यान खणून मोठे केले, लिफ्टऐवजीं सरकते जिने बसविले, आणि दोघींचें मिळून एकच तिकीटघर चौकाखालीं १९२५ पर्यंत तयार झालें. मॉन्युमेंट स्टेशन १८८४ सालीं उघडलें होतें आणि पहिल्या महिन्यांत त्याचें नांव ईस्टचीप होतें. तें उथळ, वरून चर खणून मग झांकलेलें, निराळ्याच जातीचें स्टेशन. १ जुलै १९३३ रोजीं लंडनची सर्व भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाकडे आली, आणि त्याच वर्षीं १८ सप्टेंबर रोजीं मॉन्युमेंट व बँक यांमधला सरकता जिना लोकांस खुला झाला. वॉटर्लू मार्ग मात्र या सर्व व्यवहारांच्या बाहेर राहिला. तो बड्या रेल्वेचाच होता, पुढें १९४८ पासून सरकारी रेल्वेचा. त्याच्या स्टेशनाचें नांव देखील १९४० पर्यंत ‘सिटी’ होतें, शेजारच्या फलाटांवर ‘बँक’. तेथील लांब उतारावर १९६० सालीं चालता पट्टा बसविला खरा, तरी तो मार्ग लंडन अंडरग्राउंडकडे आला तो १९९४ सालीं, म्हणजे उघडल्यापासून शहाण्णव वर्षांनीं. आजही तो इतरांपासून कांहींसा फटकून वसलेला वाटतो, यांत नवल नाहीं.

११ जानेवारी १९४१ ची रात्र या स्टेशनाच्या इतिहासांत वेगळी सांगितली पाहिजे. जर्मन विमानांच्या हल्ल्यांत लोक रात्रीं खोल स्टेशनांत आसरा घेत. फलाट खोल, म्हणून सुरक्षित, ही समजूत सामान्यतः खरी होती. परंतु बँकेचें तिकीटघर रस्त्याच्या केवळ कातडीखालीं होतें. रात्रीं आठच्या सुमारास बॉम्ब रस्ता फोडून त्या तिकीटघरांत फुटला. चौकाचें छत कोसळलें, आणि स्फोटाचा लोट सरकत्या जिन्यांच्या बोगद्यांतून खालीं फलाटांपर्यंत गेला. ज्या वाटा लोकांस खालीं नेत त्यांनींच मृत्यूसही खालीं नेलें. वर एवढा खड्डा पडला कीं रहदारीकरितां त्यावर तात्पुरता पूल बांधावा लागला. मृतांचा आंकडा कांहीं पुस्तकांत ५६ छापलेला आढळतो, कांहींत १११. युद्धकाळीं वर्तमानपत्रांस स्थळांचीं नांवें छापण्याची मनाई होती, आणि अशा वेळीं पहिला तोंडी आंकडाच पुष्कळ वर्षें एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरत जातो. नांवनिशीवार यादीशीं ताडल्याखेरीज दोहोंपैकीं कोणताही आंकडा पुढें कोणीं उतरूं नये, असें आमचें मत आहे. १८९८-१९०० सालीं जागा वांचविण्याकरितां तिकीटघर रस्त्याखालीं घातलें, त्याची ही किंमत, असें म्हणण्याचा मोह होतो. पण बॉम्बची कल्पना त्या इंजिनिअरांस असणें शक्य नव्हतें.

डॉकलँड्स रेल्वेचे फलाट १९९१ सालीं झाले. तोंपर्यंत चौकाखालची वरची माती इतकी भरली होती कीं नव्या पाहुण्यास सर्वांच्या तळाशीं, नॉर्दर्न मार्गाच्याही खालीं, जमिनीपासून सुमारे ४१ मीटरांवर जागा मिळाली. हें काम चाललें असतां १९८७ सालीं वॉटर्लू मार्गाच्या टोंकापलीकडे एक जुनी ढाल मातींत तशीच सोडलेली सांपडली. बोगदा पुरा झाल्यावर तिला बाहेर काढण्याचा खर्च तिच्या किंमतीहून अधिक, म्हणून जेथें काम थांबलें तेथेंच कामगारांनीं ती सोडली होती. ती तेथून हलविली नाहीं. तिच्या पोटांतूनच उतारूंचा बोळ काढला. वॉटर्लू मार्गाकडून नॉर्दर्नकडे जाणारा उतारू आज एका तांबड्या रंगाच्या जाड लोखंडी कड्यांतून जातो, तें कडें म्हणजे ही ढाल. ग्रेटहेड १८९६ सालीं वारला. चौकाखालचें एकही स्टेशन त्यास पाहावयास मिळालें नाहीं. त्याचा पुतळा १९९४ सालीं कॉर्नहिल येथें रस्त्याच्या मधोमध उभारला. त्या पुतळ्याचा चौथरा पोकळ आहे आणि त्यांतून खालच्या स्टेशनास हवा मिळते. पुतळ्यांकडून सहसा एवढेंही काम होत नाहीं.

अलीकडचें मोठें काम म्हणजे नॉर्दर्न मार्गाचें. या फलाटांवर गर्दी इतकी होई कीं मधूनमधून लोकांस वरच थोपवून धरावें लागे. सुमारे सत्तर कोटी पौंडांच्या खर्चानें दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांकरितां जुन्या बोगद्याच्या पश्चिमेस नवा बोगदा व नवा फलाट काढला. या कामीं एकशेंवीस वर्षें टाकून दिलेल्या किंग विल्यम रस्त्याच्या जुन्या बोगद्यांचाही कामापुरता उपयोग झाला. आतां रस्त्याखालीं राहण्याचें बंधन पूर्वींसारखें उरलेलें नाहीं, परंतु त्याची जागा दुसऱ्या बंधनानें घेतली आहे: शंभर वर्षांत वरच्या इमारतींनीं आपले पाये खांबांच्या रूपानें चिकणमातींत खोल उतरविले आहेत, आणि नव्या बोगद्यास त्यांमधून वाट काढावी लागली. हॉक्समूरच्या चर्चवर व लॉर्ड मेयरच्या वाड्यावर काम चालू असतां सूक्ष्म मापकें लावून बारीक नजर ठेवली होती.

जोडकामासाठीं त्या शाखेवरील गाड्या जानेवारी ते मे १९२२ नव्हे, २०२२ मध्यें चार महिने बंद ठेवल्या (शंभर वर्षांपूर्वींचें बोगदे रुंद करण्याचें काम नेमकें १९२२ सालींच सुरू झालें असल्यानें लेखणी घसरते), आणि कॅनन रस्त्यावरचें नवें दार २७ फेब्रुवारी २०२३ रोजीं उघडलें. दक्षिणेकडचा जुना फलाट मोडला नाहीं. तेथील रूळ काढून, खळगा भरून, फलाटाच्या पातळीस सपाट जमीन केली, आणि आतां एकीकडच्या गाडींतून उतरून दुसरीकडे जाणारे लोक तेथून चालतात. १९०० सालीं जेथून गाड्या दक्षिणेकडे धांवत त्याच रेषेवर त्यांचीं पाउलें पडतात; डोक्यावरची कमान मात्र अद्याप बोगद्याचीच आहे.